मोबाइलचा ग्राहक: पटावर कोण, हजर कोण, वगळला कोण



मागच्या वेळी विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसानं मोबाइल कंपन्यांच्या स्पर्धेवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की आज मी भाषण देणार आहे ते मोजणीवर. दर महिन्याला वर्तमानपत्रात एक चौकट येते: अमक्या कंपनीचे इतके लाख ग्राहक वाढले, तमक्या कंपनीचे इतके लाख घटले. आपण ती क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतो. कोण पुढे, कोण मागे. पण धावफलकावर धाव म्हणजे काय हे ठरलेलं असतं. इथं 'ग्राहक' म्हणजे काय, हे ठरलेलं आहे का? माझं म्हणणं असं, की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शब्दाचा अर्थ तीनदा तरी बदलला, आणि तो बदलला स्पर्धा वाढली-घटली तसा. या बदलात एक माणूस आधी आत घेतला गेला आणि नंतर बाहेर काढला गेला. तो माणूस कोण, हे भाषणाच्या ओघात येईलच.

आधी थोडं आमच्या विषयातलं. फार नाही, पाच मिनिटं.

गोटलोब फ्रेगे नावाचा जर्मन गणिती आणि तत्त्वज्ञ होता. १८८४ साली त्यानं अंकगणिताच्या पायाविषयी एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा साधा आहे. समोर एक वस्तू ठेवली आणि 'किती?' असं विचारलं, तर उत्तर देता येत नाही. काय मोजायचं हे आधी सांगावं लागतं. त्यानं बुटांच्या जोडाचं उदाहरण दिलंय. आपण कोल्हापुरात आहोत, आपण चपलांचं घेऊ. समोर एक जोड आहे की दोन चपला आहेत? दोन्ही खरं. संख्या वस्तूला चिकटलेली नसते, आपण कोणती कल्पना घेऊन मोजतो तिला ती चिकटते.

आपल्याकडे वैशेषिकांनी हेच वेगळ्या वाटेनं, आणि फार आधी, म्हटलंय. त्यांच्या मते संख्या हा द्रव्याचा गुण आहे. एकत्व वस्तूत असतंच. पण द्वित्व, त्रित्व, म्हणजे दोन-तीनपण, हे उत्पन्न होतं ते अपेक्षाबुद्धीमुळं. 'हा एक, हा एक' असं एकत्र धरणारी बुद्धी असली तरच दोनपण निपजतं, आणि ती बुद्धी गेली की ते दोनपणही जातं. विद्यार्थी असताना मला हे फार ताणलेलं वाटायचं. दोन आंबे दोनच असणार, मोजणारा असो वा नसो! पण मोबाइलचे आकडे वाचायला लागल्यापासून या मताबद्दलचा आदर वाढला.

आता आपल्या भागाकडे येतो.

भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. सरकारनं देश सर्कलमध्ये वाटला होता. मुंबई हे महानगर म्हणून वेगळं सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. कोल्हापूर या दुसऱ्यात. प्रत्येक सर्कलमध्ये सुरुवातीला दोनच खासगी कंपन्या. आपल्या वाट्याला आल्या त्या बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल.

दोनच दुकानं असलेल्या बाजारात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मिनिटाला सोळा-सतरा रुपयांपर्यंत दर होते, आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. म्हणजे कुणी तुम्हाला फोन केला तर भुर्दंड तुम्हाला! मोबाइल घेतलेला माणूस फोन वाजला की आधी नंबर बघायचा, कट करायचा आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन करायचा. त्या काळात ग्राहक म्हणजे काय? जो दोन्ही बाजूंचे पैसे भरू शकतो तो. बांधकामवाले, डॉक्टर, साखर कारखान्याचे पदाधिकारी, गुळाचे मोठे व्यापारी. संख्या अगदी थोडी, पण मोजणी प्रामाणिक होती. एक माणूस, एक फोन, एक बिल.

कंपन्यांनी लिलावात परवान्यासाठी इतक्या मोठ्या रकमा बोलल्या होत्या की त्या भरताना त्यांचंच कंबरडं मोडलं. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानं ठरावीक परवाना शुल्क काढून त्याजागी उत्पन्नातला हिस्सा घ्यायचं ठरवलं. ही कलाटणी लक्षात ठेवा, कारण 'उत्पन्न' म्हणजे नेमकं काय यावरून पुढे वीस वर्षं भांडण चाललं. ते पुढे येईल.

मग स्पर्धा आली. २००२ मध्ये आपल्या सर्कलमध्ये एअरटेल आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बीएसएनएलची सेलवन आली, आणि आठवत असेल तर त्या सिमसाठी रांगा लागत. डिसेंबरात रिलायन्स इन्फोकॉमचा शुभारंभ झाला, आणि २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हातात फोन देणारी 'मान्सून हंगामा' योजना. टाटा इंडिकॉम होतीच. आणि १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर म्हणा, आलेला कॉल फुकट झाला. ज्यानं केला त्यानं पैसे द्यायचे.

या एका नियमानं 'ग्राहक' शब्दाचा अर्थ बदलला. आता ज्याला कुणाला फोन करायचाच नाही, फक्त घ्यायचा आहे, असा माणूसही फोन बाळगू शकत होता. शेतावरचा गडी, भाजीवाल्या मावशी, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातली आई, जिचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. तिला बोलायचंय एकाशीच, आणि फोन करणार तोच. मार्च २००३ मध्ये देशात मोबाइल होते सव्वा कोटीच्या आसपास. मार्च २००८ मध्ये २६ कोटी. मार्च २०११ मध्ये ८१ कोटी. इतक्या वेगानं कोणतीही वस्तू या देशात पसरलेली मला माहीत नाही. सायकल नाही, रेडिओ नाही.

आणि मिस्ड कॉल! त्यावर कुणीतरी मराठीत प्रबंध लिहायला हवा. एक रिंग म्हणजे 'पोचलो', दोन म्हणजे 'खाली ये', तीन म्हणजे 'तू फोन कर'. पैसे न देता बोलण्याची अशी भाषा लोकांनी स्वतः बनवली. या लोकांना कंपनीनं फुकटे म्हटलं का? नाही. उलट मोठ्या प्रेमानं मोजलं. का, ते बघू.

एक कारण म्हणजे स्पेक्ट्रम. त्या काळी जीएसएम कंपन्यांना सुरुवातीला ठरावीक लहरी मिळत, ४.४ मेगाहर्ट्झ, आणि पुढच्या लहरी मिळत त्या ग्राहकसंख्येच्या निकषावर. इतके लाख ग्राहक दाखवा, पुढचा तुकडा घ्या. म्हणजे आपण किती जणांची सेवा करतो हे सांगणारा आकडा हाच कंपनीची जमीन वाढवण्याचा सातबारा झाला. मग आकडा कोण कमी सांगेल? एकमेकांच्या आकड्यांवर कंपन्यांनीच संशय घेतला, पत्रापत्री झाली, निकष कडक करावे लागले.

दुसरं कारण भांडवल बाजाराचं. परदेशी गुंतवणूकदार कंपनी विकत घेताना 'प्रत्येक ग्राहकामागे इतके डॉलर' असा हिशेब लावत. आपल्या सर्कलमधली बीपीएल हचकडे गेली, आणि २००७ मध्ये हच व्होडाफोनकडे. त्या व्यवहारांत पन्हाळ्याच्या पायथ्याच्या त्या आईचीही किंमत धरलेली होती. तिला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

तिसरं कारण थोडं तांत्रिक आहे, पण सगळ्या गोष्टीची किल्ली तिथं आहे. म्हणून सावकाश सांगतो.

तुमच्याकडे एका कंपनीचं सिम, माझ्याकडे दुसऱ्या कंपनीचं. तुम्ही मला फोन केलात. पैसे तुम्ही तुमच्या कंपनीला दिलेत. पण माझ्यापर्यंत तो कॉल पोचवला माझ्या कंपनीनं, तिचा टॉवर वापरला गेला. मग तुमच्या कंपनीनं माझ्या कंपनीला मिनिटामागे काही पैसे द्यायचे. याला इंटरकनेक्ट शुल्क म्हणतात, व्यवहारात आययूसी. दर ठरवते ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. बरीच वर्षं तो मिनिटाला ३० पैसे होता, २००९ मध्ये २० पैसे झाला, २०१५ मध्ये १४.

आता बघा. ती आई एक रुपयाचंही रिचार्ज मारत नाही. पण मुलगा रोज रात्री दहा मिनिटं बोलतो, दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून. त्या दहा मिनिटांचे दोन-तीन रुपये आईच्या कंपनीच्या खात्यात पडतात. महिन्याला साठ-नव्वद रुपये! खेड्यातल्या कितीतरी बोलणाऱ्या ग्राहकांकडूनही तेवढे मिळत नसत. ती काही देत नव्हती हे खरं नाही. तिच्यासाठी दुसरा देत होता, आणि ती होती म्हणून देत होता.

म्हणून २००५-०६ च्या सुमारास 'लाइफटाइम' योजना निघाल्या. एकदा ९९९ रुपये भरा आणि आयुष्यभर इनकमिंग मोफत. पुढे हा भाव आणखी उतरला. एक गंमत बघा. कुणाचं आयुष्य? लोकांना वाटलं आपलं. ट्रायला खुलासा करावा लागला, की लाइफटाइम म्हणजे कंपनीच्या परवान्याचं आयुष्य, आणि परवाना कधी संपतो ते ग्राहकाला सांगितलं पाहिजे. (श्रोत्यांत हशा.) हसू नका, भाषेच्या तत्त्वज्ञानात याहून किरकोळ उदाहरणांवर ग्रंथ झालेत.

आपल्या जिल्ह्याचा आणखी एक पैलू सांगतो. कागल ओलांडून कोगनोळीचा टोलनाका आला की कर्नाटक. फोनच्या दृष्टीनं सर्कल बदललं, रोमिंग सुरू. आलेल्या कॉलचेही पैसे. निपाणीत तंबाखूचा व्यवहार करणारा, गडहिंग्लजहून संकेश्वरच्या बाजाराला जाणारा, बेळगावात मुलगी दिलेला, हे सगळे काय करणार? दोन सिम. एक महाराष्ट्राचं, एक कर्नाटकाचं. पुढे दोन सिमचे हँडसेट आले ते अशांनाच आधी पटले. माणूस एक, ग्राहक दोन; वाढ झाली शंभर टक्के! सीमाप्रश्न काही सुटला नाही, पण ग्राहकसंख्येला त्याचा हातभार लागला. पुढे रोमिंगचे दर उतरत गेले, २०१५ मध्ये बीएसएनएलनं रोमिंगमध्ये आलेला कॉल मोफत केला आणि २०१७ पर्यंत बाकीच्यांनीही.

अशा मोजणीतून विचित्र आकडे निघायला लागले. २०१२ च्या सुमारास देशातल्या शहरी भागात दर शंभर माणसांमागे दीडशेच्या वर फोन होते. त्या शंभरात पाळण्यातलं बाळही धरलेलं आहे. आणि खेड्यात शंभरामागे चाळीसच्या आत. शहरात माणसांपेक्षा ग्राहक जास्त, खेड्यात निम्म्याहून कमी, आणि दोन्हींची बेरीज करून 'देश जोडला गेला' अशी वाक्यं भाषणांत यायची.

इथं ट्रायनं एक चांगली गोष्ट केली. दोन आकडे छापायला सुरुवात केली. एक, कंपनीच्या नोंदवहीतले एकूण. दुसरा, प्रत्यक्ष नेटवर्कवर हजर असलेले, ज्याला व्हीएलआर म्हणतात. प्राध्यापकांना हे लगेच कळेल. पटावर एकशे वीस, बाकावर चाळीस. २०१२ च्या मध्याला पटावर होते ९३ कोटी, आणि हजर सुमारे ७० कोटी. तेवीस कोटी गैरहजर! त्यानंतर कंपन्यांनी न वापरलेली सिमं वहीतून काढायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं चढत असलेला आकडा पहिल्यांदा खाली आला. पेपरांनी लिहिलं, ग्राहक घटले. माणूस एकही घटला नव्हता.

मधल्या काळातल्या मोठ्या घटना मी भराभर ओलांडतो, कारण त्या सर्वांना माहीत आहेत. २००९ मध्ये टाटा डोकोमोनं सेकंदाला एक पैसा असा दर काढला आणि सगळ्यांना तसं करणं भाग पडलं. २००८ मध्ये दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयानं २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. स्पर्धेच्या दृष्टीनं ही शेवटची गोष्ट मला सर्वांत न्याय्य वाटते. तोवर आपला नंबर हा एक प्रकारचा गहाण ठेवलेला दागिना होता. कंपनी आवडो न आवडो, नंबर तिच्याकडे.

आता २०१६. ५ सप्टेंबर, गणेश चतुर्थीचा दिवस. जिओ सुरू झाली. डिसेंबरअखेर सगळं फुकट, मग ती मुदत मार्च २०१७ पर्यंत वाढली. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाल्याचं कंपनीनं जाहीर केलं. इथं मी तुम्हाला परत फ्रेगेकडे नेतो. ज्यानं एक पैसा दिलेला नाही आणि ज्याच्या खिशात जुन्या कंपनीचं सिम तसंच आहे, तो जिओचा ग्राहक झाला का? वहीत झाला. जुन्या कंपनीच्या वहीतून गेला का? नाही. स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली, की हे फुकट देणं म्हणजे इतरांना मारण्यासाठी लावलेला दर आहे. २०१७ मध्ये आयोगानं ती फेटाळली. कारण असं दिलं, की नव्यानं आलेली कंपनी बाजारात प्रबळ नाही, मग प्रबळपणाचा गैरवापर कसा करेल? तर्क नियमाला धरून आहे. पण 'आज प्रबळ नाही' आणि 'या दरानं उद्या प्रबळ होईल' या दोन विधानांतलं अंतर कायद्याच्या चिमटीत सापडत नाही, असं माझं मत आहे.

जिओची बाजूही सांगितली पाहिजे. आधी एक जीबी डेटासाठी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. ते दिवस संपले. आज या भाषणमालेचं लिखाण तुम्ही फोनवर वाचता, शिरोळच्या एखाद्या गावातली मुलगी स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं फोनवर ऐकते, त्यात या स्वस्ताईचा मोठा वाटा आहे. मी स्पर्धेच्या विरोधात बोलायला उभा नाही.

पण आपली ती आई? तिच्याकडे येऊ.

नव्या कंपनीचे लोक भरपूर बोलायचे, आणि बोलायचे जुन्या कंपन्यांच्या ग्राहकांशी. म्हणजे आययूसीचे पैसे नव्या कंपनीकडून जुन्यांकडे जात. साहजिकच नवी म्हणाली, हे शुल्क काढा. जुन्या म्हणाल्या, आमचा खर्च आहे, ठेवा. १ ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायनं ते १४ वरून ६ पैशांवर आणलं. भांडण कोणत्या थराला गेलं बघा: २०१९ मध्ये फोन किती सेकंद वाजावा यावरून कंपन्या भांडल्या. एका कंपनीनं रिंगची वेळ कमी केली. कारण लवकर बंद झालेला फोन म्हणजे मिस्ड कॉल, आणि मिस्ड कॉल म्हणजे समोरचा उलट फोन करणार. मग शुल्क उलट्या दिशेनं वाहणार! आमच्या भाजीवाल्या मावशींची युक्ती अब्जावधींच्या कंपन्यांनी उचलली. अखेर ट्रायला ठरवून द्यावं लागलं, की मोबाइल ३० सेकंद वाजला पाहिजे. आणि १ जानेवारी २०२१ पासून आययूसी शून्य झालं.

शून्य झालं म्हणजे काय झालं? मुलाच्या दहा मिनिटांचे आईच्या कंपनीला मिळणारे पैसे बंद झाले. ती तीच, तिचा फोन तोच, मुलगा तोच. पण वहीत ती आता जमेच्या बाजूला नव्हती, खर्चाच्या बाजूला होती.

दर ६ पैशांवर आल्यानंतर वर्षभरानं, २०१८ च्या अखेरीस, जुन्या कंपन्यांनी किमान रिचार्ज आणलं. ३५ रुपये, २८ दिवस. नाही मारलं तर आधी जाणारे कॉल बंद, मग येणारेही. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी 'लाइफटाइम' घेतलं होतं, त्यांनाही संदेश आले. ज्यांच्या खात्यात शिल्लक आहे त्यांना तोडू नका, असं ट्रायला सांगावं लागलं. कंपन्यांच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांसमोर मोकळेपणानं मांडलं, की कमी पैसे देणारे ग्राहक गेले तरी चालतील. आता महत्त्वाचा आकडा ग्राहकसंख्या हा उरला नव्हता. तो झाला 'आरपू', म्हणजे एका ग्राहकामागे महिन्याला सरासरी उत्पन्न. सरासरी वाढवायचे दोन मार्ग असतात, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. एकतर सगळ्यांचे गुण वाढवा, नाहीतर कमी गुणवाल्यांना वर्गाबाहेर काढा. एअरटेलचा हा आकडा त्या सुमारास शंभराच्या थोडा वर होता, तो आता अडीचशेच्या आसपास आहे.

दरम्यान बाजार आकसला. आर कॉम बंद पडली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला. आणि ३१ ऑगस्ट २०१८ रोजी व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. आपल्या कोल्हापूरकरांसाठी यात एक खास गोष्ट आहे. सुरुवातीच्या दोन कंपन्या आठवा. बिर्ला एटी अँड टी पुढे आयडिया झाली. बीपीएल पुढे हच, मग व्होडाफोन. म्हणजे आपल्या सर्कलमध्ये ज्या दोघींनी स्पर्धेला सुरुवात केली, त्याच एक झाल्या. १९९८ मध्ये मिरजकर तिकटीवरच्या एका दुकानदारानं 'बिर्लाचं नको, बीपीएलचं दे' म्हणून सिम घेतलं असेल आणि शेजाऱ्यानं उलट, तर वीस वर्षांनी दोघंही जागचे न हलता एकाच कंपनीचे ग्राहक झाले.

आणि ते 'उत्पन्न' म्हणजे काय याचं भांडण? २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सरकारची व्याख्या मान्य केली. भाडं, व्याज, इतर मिळकत, सगळं उत्पन्नात धरायचं. जुन्या कंपन्यांवर हजारो कोटींची थकबाकी आली. व्होडाफोन-आयडिया तर इतकी वाकली की सरकारनं देणं भागभांडवलात बदलून घेतलं. २०२३ मध्ये सुमारे ३३ टक्के, २०२५ मध्ये जवळपास ४९ टक्के. एका शब्दाच्या व्याख्येची ही किंमत. आज जिओ आणि एअरटेल मिळून देशातले सुमारे तीन चतुर्थांश मोबाइल ग्राहक आहेत. उरलेल्यात व्होडाफोन-आयडिया आणि बीएसएनएल, आणि दोन्हीकडे सरकारचाच पैसा. दोन दुकानांपासून निघालो होतो, फिरून दोन दुकानांच्या जवळ आलो. फरक एवढा, की तेव्हा फोन नसला तरी माणसाचं अडत नव्हतं.

३५ रुपयांची ती पायरी चढत चढत जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर १९९ च्या घरात गेली. तीही २८ दिवसांना. अठ्ठावीस तेरा तीनशे चौसष्ट. वर्षाला तेरा रिचार्ज. आपल्या पंचांगात अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो, कंपन्यांच्या पंचांगात दरवर्षी. २०२२ मध्ये ट्रायनं सांगितलं म्हणून तीस दिवसांच्याही योजना निघाल्या. जुलै २०२४ नंतर काही महिने बीएसएनएलकडे लोकांची रीघ लागली. लोकांना दुसरी वाट हवी होती, हे त्यातून दिसलं.

कुणी म्हणेल, महिन्याला दोनशे रुपये म्हणजे काय हो? दोन वडापावच्या प्लेटी आणि चहा. ज्यांना तसं वाटतं त्यांच्यासाठी ते खरं आहे. पण संजय गांधी निराधार योजनेच्या पैशावर जगणाऱ्या बाईला विचारा. आणि ती फोन सोडूनही देऊ शकत नाही, कारण फोन नंबर ही आता तिची ओळख आहे. बँकेचा ओटीपी त्यावर, गॅसची नोंदणी त्यावर, आधार त्याला जोडलेलं. गेल्या वर्षी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येत होता. कितीजणींचा तो नंबर रिचार्जअभावी बंद होता! माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिपायाचा नंबर असाच गेला. काही महिन्यांनी त्यांनी त्यावर फोन केला तर तिकडून कुणी अनोळखी माणूस हिंदीत बोलला. नियमाप्रमाणे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर देतात. नंबर मर्यादित आहेत, ते फिरवावे लागतात, हे मान्य. पण बँकेच्या वहीत तो नंबर अजून त्यांच्याच नावावर होता.

कंपनी धर्मादाय संस्था नाही, हा आक्षेप मी ऐकलाय. मान्य. टॉवरला वीज लागते, लहरींना पैसे पडतात. माझा मुद्दा दया दाखवा असा नाही. मुद्दा हिशेबाचा आहे. कॉल या गोष्टीला दोन टोकं लागतात. वैशेषिकांच्या भाषेत ते द्वित्व आहे, एका टोकावर ते राहत नाही. मुलगा पुण्यात महिन्याला तीनशेचं रिचार्ज मारतो ते कुणाशी बोलण्यासाठी? आईचं टोक काढलं तर त्याच्या रिचार्जची त्याच्या लेखी किंमत घटते. म्हणजे ती आजही काहीतरी देतेच आहे. आययूसी होतं तोवर ते वहीत दिसत होतं. शुल्क गेलं, तशी ती नोंद गेली. आणि जे वहीत दिसत नाही ते नाहीच, असं धरून चाललं गेलं. शुल्क शून्य करण्याला तांत्रिक कारणं होती, नव्या तंत्रात कॉलचा खर्च खरोखर नगण्य झाला होता. पण खर्च नगण्य झाला असेल, तर नुसता फोन घेणाऱ्याकडून महिन्याला दोनशे कशाचे? ही दोन विधानं एकाच तोंडानं करता येत नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम केला, की ज्यांना डेटा नकोय त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएस अशी वेगळी योजना ठेवलीच पाहिजे, आणि मुदत वर्षभरापर्यंत देता येईल. मोठ्या दोन कंपन्यांनी तशा योजना काढल्या, ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास. महिन्याला दीडशेच्या वर पडतात. पाऊल बरोबर दिशेनं आहे, पण छोटं. फक्त फोन घेणाऱ्यासाठी, जाणारा कॉल बंद ठेवून का होईना, एक अगदी स्वस्त दर नियामकानं ठरवून द्यावा असं मला वाटतं. वीजबिलात दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी वेगळा दर असतो, तसा.

आता प्रश्न. बऱ्याच चिठ्ठ्या आल्यात, वेळ थोडा आहे. दोनच घेतो.

पहिला प्रश्न: 'सर, आईचा जुना नंबर टिकवायचा आहे, ती गावाकडे असते. काय करावं?' नंबर सलग बंद राहू देऊ नका. तिच्या गावात ज्याचं नेटवर्क धड चालतं आणि ज्याची लांब मुदतीची योजना स्वस्त पडते, अशा कंपनीत तो पोर्ट करा. त्याच फोनवरून इंग्रजीत पोर्ट असं लिहून, जागा सोडून, तिचा नंबर लिहा आणि १९०० ला एसएमएस करा. उत्तरात एक कोड येतो, त्याची मुदत चार दिवस. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात तिला स्वतःला न्यावं लागेल. सिम तुमच्या नावावर घेऊ नका, तिच्याच नावावर ठेवा, म्हणजे तिचं आधार आणि नंबर एकाच नावाचे राहतील. आणि नंबर बदलायचाच ठरला, तर आधी बँकेत आणि आधार केंद्रात नवा नंबर नोंदवा, मग जुना सोडा. हा क्रम उलटा झाला की फार हाल होतात.

दुसरा प्रश्न: 'माझ्या नावावर किती सिम आहेत हे कसं कळेल?' दूरसंचार विभागाचं संचारसाथी नावाचं पोर्टल आहे, २०२३ पासून. त्यावर आपला नंबर घालून ओटीपी दिला की आपल्या नावावरची सगळी जोडणी दिसते, आणि आपली नसेल ती तिथंच कळवता येते. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. आज घरी गेल्यावर जरूर बघा. मागे याच पेठेतल्या एका गृहस्थांनी बघितलं तर चार निघाली. एक खिशात, एक मुलाकडे, एक त्यांच्या कर्नाटकातल्या फेऱ्यांच्या काळातलं ड्रॉवरमध्ये पडलेलं. चौथं कुणाकडे होतं ते त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. त्यांनी ते तिथंच बंद करायला कळवलं.